पिवळी नखं

आसमाच्या कंपासपेटीत, झाकणाला आतून
माझा फोटो चिकटवलाय.
केस जांभळे, खांद्यावर काचेचे पंख,
खाली नाव : झुंबर.
"बघ की, नाक थोडं तुझ्यासारखंच," म्हणते
आणि स्वतःच हसते, एवढी हसते
की भूगोलाच्या बाई दोघींना उभं करतात.

मी उभी राहते. मगदूम तेजल, आठवी ब,
चपलेला सेफ्टी पिन.
काल रात्री याच पायांत चांदीचे बूट होते
आणि समोर एवढी माणसं
की आयर्विन पुलावर उभी केली असती तर पूल वाकला असता.

हरिपुरात आमच्या घरामागं, नदीकडच्या रानात
एक पेव राहिलंय. बाकीची पुरात खचली.
पूर्वी त्यात हळद ठेवायचे.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला तर आत हवा वाईट, थांबायचं.
नाही विझला तर माणूस सोडायचा.

मी कंदील सोडते.
तो विझत नाही, जांभळा होतो.

मग उतरते. अंधाराला वास येतो
जुन्या हळदीचा, ओल्या पोत्याचा,
आणि तळ म्हणून पाय टेकते
तर खाली फळ्या असतात, रंगमंचाच्या.
आणि दिवे.
आवाज माझाच असतो. प्रार्थनेला मागच्या रांगेत
जो खरखरतो, ज्याला सर म्हणतात,
"मगदूम, तू नुसते ओठ हलव,"
तोच.

बाकी सगळं बदलतं. गुडघ्यावरची खपली जाते,
दातांमधली फट जाते.
नखं तेवढी बदलत नाहीत.
शनिवारी सकाळची शाळा सुटली की
मार्केट यार्डात आईशेजारी बसून
मी हळद निवडते, हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे.
तो पिवळा साबणाचं ऐकत नाही,
जादूचं काय ऐकणार?

पहिल्यांदा मुठी मिटून गायले.
तिसऱ्या गाण्याला विसरले, हात वर गेले
अन् पडद्यावर नेमकी नखंच आली,
एकेक नख पाटाएवढं.

आठवड्याभरात गणपती पेठेत बाटली आली :
झुंबर पिवळा, साठ रुपये.
आसमानं लावला. कॉलेजच्या पोरींनी लावला.
भूगोलाच्या बाईंनी, एकाच करंगळीला.

पालकसभेला आई हात पदराखाली धरून येते.
सहीपुरता उजवा बाहेर काढते, पटकन,
कुणाचं पाकीट मारल्यासारखा.
या वेळी आसमानं तो धरलाच.
"काकू, कुठल्या दुकानातला? तुमचा शेड एकदम खरा वाटतो."
आईनं स्वतःच्या हाताकडे बघितलं.
मग आसमाच्या नखांकडे. मग बाईंच्या करंगळीकडे.
मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.
"बावीस वर्षांचा आहे," म्हणाली. "उतरत नाही."
सही झाली तरी हात टेबलावरच राहिला.

घरी काही बोलली नाही. भाकरी थापल्या.
माझी वेणी घालताना फणीत एक जांभळा केस निघाला,
तो बोटाला गुंडाळून खिडकीबाहेर टाकला
आणि विचारलं, बीजगणिताची चाचणी कधी आहे.

गुरुवारी.

रात्री साडेदहाला खुंटीवर चाचपलं
तर जुनी दोरी, मधे विरलेली, काथ्याची, नव्हती.
तिथं निळी होती, नायलॉनची, नवी,
ट्रकवर पोती आवळतात तसली,
टोकाला हमालांची गाठ, मला न येणारी.
कंदिलात रॉकेल काठोकाठ.
कुठनं मिळवलं कुणास ठाऊक.
आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
म्हणजे जागी.

"नळाला पाणी साडेपाचला येतंय,"
ती भिंतीला म्हणाली.